घासूनही न निघणारा मानेचा काळपटपणा : आहार, सवयी आणि त्वचा

विश्रामबागकर

नमस्कार. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. गेली दोन वर्षे तिच्या मानेच्या मागच्या बाजूला आणि काखेत त्वचा काळपट, जाडसर आणि हाताला मखमलीसारखी लागत होती. त्या दोन वर्षांत आम्ही घरच्यांनीच तिला जे सोसायला लावले त्याची टोचणी मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे. दर रविवारी न्हाणीघरात तिला पाटावर बसवून सासूबाई बेसन, साय आणि हळदीचा लेप लावून तिची मान चोळत असत. तेवढ्याने भागेना, तेव्हा टाचा घासायची वज्री आली. मान लाल व्हायची, चुरचुरायची, दोन दिवसांनी बारीक खपल्या धरायच्या आणि त्या पडल्या की खालची त्वचा आधीपेक्षा जास्तच काळी दिसायची. शाळेतल्या मुली "मान धूत नाहीस का?" असे विचारत. ती भर वैशाखातही केस मोकळे सोडून मान झाकू लागली, आणि मला वाटत राहिले की हे वयाचे नखरे आहेत.

मार्चमध्ये चेहऱ्यावरच्या मुरुमांसाठी म्हणून मिरजेला त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी मुरुमांकडे नंतर पाहिले. आधी तिचे केस बाजूला केले, स्पिरिटचा बोळा मानेवरून दोन-तीनदा जोर देऊन फिरवला आणि तो आमच्यासमोर धरला. बोळा पांढराच होता. "मळ असता तर याला लागला असता," एवढेच त्या म्हणाल्या. माझी मुलगी तिथेच रडू लागली. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिला अस्वच्छ ठरवले नव्हते.

या त्वचेला ॲकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात, हे तेव्हा कळले. रक्त तपासले, तर उपाशीपोटीची साखर ठीक होती, पण इन्सुलिन बरेच वाढलेले होते. उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ६८ किलो. पाळीही दोन-दोन महिने पुढे जात होती, पण तिचा आणि मानेचा काही संबंध असेल असे मला कधी वाटलेच नव्हते.

तिचा तेव्हाचा दिवस जसा होता तसाच लिहिते. सकाळी गोड चहा आणि चार-पाच खाऱ्या, मधल्या सुट्टीत वडापाव, घरी आल्यावर भडंग किंवा बिस्किटे, क्लासला जाताना पुन्हा चहा, आणि रात्री साडेनऊला घरी आल्यावर भातावर आमटी. त्यानंतर अंथरुणात मोबाइल, एक वाजेपर्यंत. चालणे जवळजवळ नाहीच. यातले नेमके काय, कोणत्या क्रमाने बदलावे आणि त्याने त्वचेवर खरोखर किती फरक पडतो, याबद्दल अनुभव किंवा माहिती असणाऱ्यांनी कृपया लिहावे.

मिरजवासी

ताई, मी तीस वर्षे परिचारिका होते आणि त्यांतली बरीच वर्षे त्वचेच्या बाह्यरुग्ण विभागात गेली. वज्रीने खरवडलेल्या माना मी इतक्या पाहिल्या आहेत की तुमचे वाचून आश्चर्य वाटले नाही, वाईट मात्र वाटले. हा दोष तुमच्या एकटीचा नाही. "मान काळी म्हणजे अंघोळ नीट नाही" हे आपल्याकडे इतके पक्के बसलेले आहे की शिकलेली माणसेही तसेच बोलतात.

आत काय होते ते सोप्या शब्दांत सांगते. आपण खातो त्याची साखर होते आणि ती पेशींत पोचवण्याचे काम इन्सुलिन करते. पोटाभोवती चरबी वाढली, स्नायूंना काम राहिले नाही, दिवसभर थोड्या थोड्या वेळाने गोड आणि मैद्याचे पोटात जात राहिले, की पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. मग शरीर जास्त इन्सुलिन तयार करून साखर कशीबशी ताब्यात ठेवते. म्हणून साखरेचा आकडा कित्येक वर्षे चांगला दिसतो. पण ते जादा इन्सुलिन त्वचेच्या पेशींवरही काम करते आणि घड्यांच्या जागी त्या भराभर वाढू लागतात. त्वचा जाड होते आणि घड्यांमुळे गडद दिसते. घासल्याने तिला इजा होते आणि इजेला आपली सावळी त्वचा आणखी रंग धरून उत्तर देते. मानेवर बारीक लोंबते मस येणे हेही याच्याच जोडीने दिसते.

तेच इन्सुलिन बीजांडकोशांना पुरुषी संप्रेरके अधिक करायला लावते. त्यातून पाळी लांबते, हनुवटीवर लव येते आणि चेहऱ्यावरच्या तैलग्रंथी जास्त तेल सोडतात. तेव्हा मुरूम, मान आणि पाळी ही तीन दुखणी तीन डॉक्टरांकडे वाटून देऊ नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना मान दाखवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना पाळीचे सांगा.

एक सावधगिरी याच ठिकाणी नोंदवते, कारण हा धागा वयस्क मंडळीही वाचतील. चाळिशी उलटलेल्या, अंगाने सडपातळ किंवा वजन घटत चाललेल्या माणसाला असा काळेपणा काही महिन्यांत झपाट्याने आला, विशेषतः तळहात किंवा ओठही जाड होऊ लागले, तर तो आहाराचा विषय समजू नये. क्वचित तो पोटातल्या कर्करोगाची खूण असतो, म्हणून त्वरित तपासणी करून घ्यावी.

आता आहार. पहिला बदल चहा-खारीचा करा. खारी म्हणजे मैदा आणि वनस्पती तूप. तिच्यात पोट भरण्यासारखे काही नाही. सकाळी मोडाच्या मटकीची उसळ, अंडे, थालीपीठ किंवा शेंगदाणे घालून केलेले, भाज्या जास्त असलेले पोहे यांपैकी काहीही चालेल. "साखर बंद करून गुळाचा चहा सुरू केला" असे मला अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. आपल्या सांगली जिल्ह्यात गुळाबद्दल जिव्हाळा आहे आणि मलाही आहे, पण इन्सुलिनच्या हिशेबात गूळ आणि साखर यांत फरक करण्यासारखे फारसे काही नाही. उसाच्या रसाचेही तेच. उपवासाची शाबूची खिचडी हलकी समजली जाते, पण शाबू म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे.

मात्र एक विनंती. घरात "वजन" हा शब्द शक्यतो उच्चारू नका. या वयाच्या मुली जेवण टाकू लागतात आणि ते प्रकरण मानेच्या काळेपणापेक्षा फार वाईट असते. ताट सगळ्यांचे बदला, एकट्या तिचे नको.

हळदबाजार

आमच्या घरात तीन पिढ्या हळदीचा व्यापार आहे. हरिपूरच्या पेवांत जमिनीखाली साठवलेली हळद लहानपणापासून पाहिली आहे, आणि २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा घरात पेढे वाटले होते. तरीही लिहितो की हळदीच्या लेपाने ही मान उजळणार नाही. हळदीतले कर्क्युमिन सूज कमी करणारे आहे हे खरे, परंतु पोटातून ते रक्तात फारच थोडे उतरते आणि त्वचेवरून तर पिवळा रंग तेवढा मागे राहतो. आमच्याकडे दिवसभर हळद हाताळणाऱ्या काही कामगारांना हातांवर खाज आणि पुरळ येते, म्हणजे ती प्रत्येकाला मानवतेच असेही नाही. स्वयंपाकात ती रोज असावी; आमची भाजी तिच्यावाचून होत नाही.

लेपात लिंबू पिळणाऱ्यांना कळकळीने सांगतो की ते थांबवा. लिंबाचा रस त्वचेवर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखे डाग उठतात आणि ते महिनोन्महिने राहतात. माझ्या बहिणीच्या गालावर ओघळाच्या आकाराचा डाग होता. रस जिथून ओघळला होता, बरोबर तिथेच.

तालमीतला

मी कुस्ती करतो. आमच्याकडे खुराक म्हणजे दूध, बदाम, तूप. गेल्या वर्षापासून मी व्हे प्रोटीनची, म्हणजे दुधातल्या प्रथिनांची, पावडर सुरू केली आणि दोन महिन्यांत पाठीवर आणि खांद्यांवर मोठमोठे, दुखणारे मुरूम आले. वस्ताद म्हणतात की ही "अंगातली गरमी" आहे. दूध आणि मुरूम यांचा खरोखर संबंध आहे का? शिवाय तालमीतल्या निम्म्या पोरांना जांघेत आणि कमरेला गजकर्ण आहे. औषधाच्या दुकानातून आणलेल्या ट्यूबने आठ दिवसांत जाते आणि पुन्हा दुप्पट होऊन येते. त्यासाठी खाण्यात काय टाळावे?

मिरजवासी

दादा, तुमचे दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत, पण त्यांची उत्तरे वेगवेगळ्या खात्यांतली आहेत.

दुधाबद्दल जे ठाऊक आहे ते असे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या ४७ हजारांहून अधिक परिचारिकांना त्यांच्या शाळकरी वयातला आहार आणि तेव्हाचे मुरूम यांविषयी विचारले गेले. जास्त दूध पिणाऱ्यांत मुरूम अधिक आढळले आणि हा संबंध साय काढलेल्या दुधाबाबत जास्त ठळक होता. पण हे सारे आठवणीवर आधारलेले होते, त्यामुळे दुधानेच मुरूम येतात असे त्यावरून सिद्ध होत नाही. व्हे पावडरनंतर मुरूम उसळल्याच्या नोंदी मात्र डॉक्टरांनी अनेक ठिकाणी केल्या आहेत आणि त्यामागचे कारणही समजण्यासारखे आहे. दुधातली ही प्रथिने इन्सुलिन आणि त्याच्यासारखेच वाढीचे दुसरे संप्रेरक वाढवतात आणि तैलग्रंथी त्यांना प्रतिसाद देतात. तुम्ही पावडर दोन-तीन महिने बंद ठेवून पाहा. प्रथिने अंडी, हरभरा, डाळी, शेंगदाणे यांतून घ्या. ताक-दही सोडण्याची गरज मला दिसत नाही. पावडरच्या डब्यात कोणी काही मिसळलेले असू शकते, हाही एक धोका आहे. मुरूम फार वाढले तर डॉक्टरांना डबा नेऊन दाखवा.

आहार आणि मुरूम यांबद्दलचा अधिक नेटका प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. १५ ते २५ वयाचे ४३ तरुण घेतले. एका गटाला साखर सावकाश चढेल असा आहार १२ आठवडे दिला, दुसरा गट नेहमीचे खात राहिला. पहिल्या गटात चेहऱ्यावरचे मुरूम सरासरी तेवीस-चोवीसने घटले आणि दुसऱ्या गटात बाराने. पहिल्या गटाचे वजनही जवळपास तीन किलो उतरले होते, तेव्हा आहाराचे श्रेय किती आणि वजनाचे किती हे वेगळे करता येत नाही. पण बारा आठवडे हा आकडा सगळ्यांनी लक्षात ठेवावा, कारण आपल्याकडे लोक आठ दिवस पथ्य करतात आणि आरशापुढे उभे राहतात.

गजकर्णाचा खाण्याशी संबंध नाही. ती बुरशी आहे आणि ती घामात, लंगोटात, एकमेकांच्या टॉवेलात आणि आखाड्यातल्या अंगाला अंग लागण्यात पसरते. आठ दिवसांत "जाते" ती ट्यूब बहुधा स्टेरॉइड मिसळलेली असते. स्टेरॉइडने लाली आणि खाज दबते, आणि बुरशीला मात्र मोकळे रान मिळते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तरी ती मिळतातच. जांघेत महिनोन्महिने लावली तर त्वचा कागदासारखी पातळ होऊन तिच्यावर पट्टे उमटतात आणि ते पट्टे कधीच जात नाहीत. सगळ्या पोरांनी एकाच वेळी डॉक्टरांकडे जा, कपडे वेगळे धुऊन कडक उन्हात वाळवा, बरे वाटले तरी सांगितलेले आठवडे पूर्ण करा. एकट्याने औषध घेऊन उपयोग नाही, कारण परवाच्या जोडीदाराकडून ते परत येणार.

द्राक्षबाग

तासगाव तालुक्यातून लिहिते. आहाराचे सगळे पटले, पण बागेत राबणाऱ्या बायांच्या त्वचेबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मध्येच येते. छाटणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणे), विरळणी, सगळे उन्हात. चाळिशीच्या आसपास दोन्ही गालांवर वांग नाही अशी बाई आमच्या टोळीत सापडणार नाही. वांग येते म्हणून कोणी लोह घेते, कोणी "पोट साफ नाही" म्हणून काढा पिते. मला डॉक्टरांनी सांगितले की बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि घराण्यातली ठेवण यांनी त्याची तयारी होते आणि ऊन ते वर काढते. साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो ते अगदी बरोबर आहे. त्याच्या जोडीला रुंद काठाची टोपी पाहिजे, कारण डोक्याला बांधलेला टॉवेल कपाळ झाकतो आणि गाल उघडे ठेवतो. मी गेल्या हंगामापासून टोपी वापरते. पहिले आठ दिवस सगळ्या हसल्या, आता टोळीत सहा टोप्या आहेत.

दुसरे म्हणजे बांधावरचे काँग्रेस गवत. आमच्या दिरांच्या चेहऱ्याची, मानेची आणि कोपराच्या खोबणीची त्वचा जाड, काळी आणि खाजरी झाली होती. दोन वर्षे वांगी, अंडी, मासे सगळे बंद केले आणि माणूस नुसता वाळला. शेवटी निघाली ती या गवताची ॲलर्जी. त्याचे कण हवेतून येतात, त्यामुळे हात न लावताही त्रास होतो. त्यामुळे मान काळी झाली की इन्सुलिनच, असेही धरू नका. खाज किती आहे ते आधी विचारा.

पूर्वभागातला

मी जतकडचा. वरच्या प्रतिसादावरून एक जुनी गोष्ट नोंदवावीशी वाटते, कारण आमच्या भागाचा आणि मानेच्या काळेपणाचा संबंध वेगळ्या कारणाने आहे. माझी आजी सांगायची की दुष्काळात नुसत्या ज्वारीच्या भाकरीवर आणि मिठावर दिवस काढलेल्या माणसांच्या गळ्याभोवती आणि हातांवर, जिथे ऊन लागते तिथे, काळी, खवलेदार, भाजल्यासारखी कातडी यायची, पोट बिघडायचे आणि माणूस भ्रमिष्टासारखा करायचा. पुढे वाचनात आले की याला पेलाग्रा म्हणतात. गळ्याभोवतीच्या पट्ट्याला गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्याच्या नावाने कासालची माळ म्हणतात. त्याने १७३५ मध्ये हा रोग मका खाणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत पाहिला होता. नायासिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने तो होतो. दख्खनमधल्या ज्वारी खाणाऱ्यांतल्या पेलाग्रावर हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास महत्त्वाचे काम केले.

यात ज्वारी वाईट असे मुळीच म्हणायचे नाही. मी आजही दोन वेळा भाकरीच खातो. वाईट होते ते भाकरीसोबत दुसरे काहीच नसणे. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, हरभऱ्याचे पिठले किंवा मटकी आणि वाटीभर ताक असले की ती उणीव भरून निघते. शेंगदाण्यात तर नायासिन भरपूर असते. आता हा रोग दिसलाच तर बहुतेक दारूच्या आहारी गेलेल्या माणसात दिसतो, जेवण सोडून नुसते पिणाऱ्यात. आजीच्या काळी ज्या मानेवर उपासमार दिसायची, त्याच मानेवर आज विश्रामबागकर ताईंच्या मुलीच्या बाबतीत खारी आणि बिस्किटे दिसली, हे वाचून मी बराच वेळ थांबलो. ताई, तुमच्या घरी रात्रीच्या भाताऐवजी भाकरी चालेल का? चावायला वेळ लागतो, पोट लवकर भरते आणि साखर सावकाश चढते.

विश्रामबागकर

सर्वांचे मनापासून आभार. पाच महिन्यांनी लिहिते आहे, कारण मिरजवासी ताईंचे बारा आठवडे मी मनावर घेतले होते आणि त्याआधी काही लिहायचे नाही असे ठरवले होते.

खारी घरात आणणे बंद केले. सासूबाईंना जड गेले, त्यांचा चाळीस वर्षांचा नेम होता, परंतु बोळ्याची गोष्ट त्यांना मी पुन्हा एकदा सांगितली तेव्हा त्यांनी वज्री उचलून माळ्यावर टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून नातीसाठी स्वतः मटकी भिजत घालू लागल्या. रात्री भाकरी आम्ही चौघेही खातो. सर्वांत कठीण गेले ते झोपेचे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिकागो विद्यापीठातल्या प्रयोगात ११ निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले, तर त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता खालावली, हे मी मुलीला वाचून दाखवले. तिने विचारले, "मग तुमचे मोबाइल कुठे असतात?" प्रश्न रास्त होता. आता चारही मोबाइल साडेदहाला बैठकीतल्या कपाटात जातात. क्लासला ती सायकलने जाते आणि रविवारी आम्ही दोघी आमराईत चालायला जातो.

आता फरक. वजन चार किलो उतरले आहे, पण आम्ही तिला काटा दाखवत नाही. तो डॉक्टर पाहतात. उपाशीपोटीचे इन्सुलिन उतरले आहे, तरी अजून हवे तिथे आलेले नाही. पाळी गेले तीन महिने पस्तीस दिवसांच्या आत आली. मुरूम कमी आहेत, पण त्यात डॉक्टरांच्या मलमाचा वाटा किती आणि ताटाचा किती हे मी सांगू शकत नाही. कपाळावरचे मुरूम मात्र डोक्याला तेल चोपडून झोपणे बंद केल्यावर गेले, हे नक्की. मान अजून काळपटच आहे. तिचा जाडपणा मात्र उतरला आहे. पूर्वी बोटाला लागायच्या त्या खोल रेघा आता उथळ झाल्या आहेत आणि काखेतला रंग फिका झाला आहे. डॉक्टर म्हणतात की रंगाला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि वर्षभर धीर धरावा लागेल.

परवा कॉलेजला जाताना तिने पहिल्यांदा केस वर बांधले. मी काही बोलले नाही. पुढची रक्ततपासणी दिवाळीनंतर आहे, तेव्हाचे आकडे याच धाग्यावर लिहीन.

मिरजवासी

ताई, रेघा उथळ होणे हीच पहिली खूण असते, रंग मागाहून येतो. आणि थंडी सुरू झाली की अंघोळीचे पाणी कढत घेऊ देऊ नका. मानेला साबण रोज लावायची गरज नाही, आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल तेलाचा हलका हात फिरवू द्या. रंगासाठी याचा उपयोग नाही. इतकी वर्षे खरवडलेली त्वचा आहे ती, तिला थोडा आराम मिळेल.